मायचं वय काढताना

माय, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हा आधार कार्डाप्रमाणे तिचं वय ८४ होतं. थोरल्या आत्याचं, तिच्या आधार कार्डाप्रमाणे, ७४. वारस नोंदीच्या अर्जाला जे शपथपत्र जोडतात त्यात वर मयताचं वय असतं आणि खाली एकेका वारसाचं नाव, नातं, वय. मी वाचून दाखवत होते, सेतू केंद्रातला पोरगा टाइप करत होता. थोरल्या आत्याच्या ओळीवर तो थांबला. "ताई, मायलेकीत धाच वर्षांचं अंतर यायलंय बघा."

अण्णा, माझे वडील, शेजारीच उभे होते. "येऊ दे," म्हणाले. "कागदाचं काय घेऊन बसलास."

अडलं काहीच नाही. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, आधारवर आहे तेच लिहा, नातं दाखवायला रेशन कार्ड आणि ग्रामपंचायतीचा दाखला पुरे. सरकारदरबारी विषय तिथंच मिटला. माझ्या डोक्यातला किडा मात्र वळवळत राहिला. दहाव्या वर्षी बाळंत झालेली माय आम्ही अधिकृत सहीशिक्क्यानिशी तयार केली होती, आणि घरातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वाटणार तरी कसं? आमच्या गावात अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत आणि उरलेली एक जानेवारीला. जूनवाले शाळेत गेलेले, जानेवारीवाले न गेलेले. मायचं आधार काढलं तेव्हा मशीनवाल्यानं विचारलं, "आजी, जन्म कधीचा?" माय म्हणाली, "सुगीचा." त्यानं ०१/०१/१९४० टाकून दिलं. आठवतंय, आम्ही हसलो होतो.

आम्ही सगळी नातवंडं तिला मायच म्हणायचो, कारण अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, म्हणायचे. आमचं गाव औसा तालुक्यातलं. शेती म्हणजे काळं रान, एक विहीर, नंतरचे दोन बोअर, आणि सोयाबीन. पूर्वी सोयाबीन नव्हतं तेव्हा पिवळी जवारी, तूर, मूग, उडीद, रब्बीला शाळू आणि करडई. माय येळवसीनंतर (वेळ अमावास्या, आमच्याकडचा रानातला सण) आठवड्याच्या आतच गेली. २०२४ ची येळवस ११ जानेवारीला होती. तिला ऑटोत बसवून रानात नेलं, कडब्याच्या कोपीत पांडवांसमोर बसवलं. भज्जी दोन घास खाल्ली, आंबील ओठाला लावली आणि सुनांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही आंबील न्हाई, ताकाचं पाणी हाय." त्यानंतर एका सकाळी उठली नाही. दवाखाना नाही, सलाईन नाही. गावात सगळे म्हणाले, असं मरण यायला पुण्य लागतं. मला ते वाक्य आवडत नाही, पण तिच्याबाबतीत कुणाशी वाद घातला नाही.

वयाचा खरा गोंधळ दहाव्याच्या आधी झाला. फ्लेक्सवाल्यानं फोन करून विचारलं, वय काय टाकू? तात्या म्हणाले शंभर टाक. अण्णा म्हणाले, कागदावर ८४ आहे, लोक हसतील. गल्लीतले एक म्हातारे, स्वतः ऐंशीच्या पुढचे, छातीठोकपणे सांगून गेले की मी लुगड्यातल्या पोरी बघत हिंडायच्या वयात होतो तेव्हा तुमची माय चार लेकरांची आई होती. (आईनं त्यांना चहा न देताच वाटेला लावलं.) शेवटी फ्लेक्सवर वय टाकलंच नाही. फोटोखाली नुसतं "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि दोन आमदारांचे फोटो, जे तिला कधी भेटले नव्हते.

तेरवी झाल्यावर दोन्ही आत्या थोडे दिवस राहिल्या. संध्याकाळी ढाळजेत बसून आम्ही मायचं वय काढायला घेतलं. हातात होतं ते असं: आधारवर १९४०. जुन्या मतदार ओळखपत्रावर "१.१.१९९५ रोजी वय ५८", म्हणजे १९३७. आणि आजोबा वारल्यावर १९८६ साली झालेल्या फेरफारात (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद) "विधवा, वय ५०", म्हणजे १९३६. प्रत्येक कचेरीत ती वेगळ्या साली जन्मली होती आणि जसजसा कागद नवा होत गेला तसतशी तरुण होत गेली होती. ७५ वर्षांवरच्यांना एस.टी. फुकट झाली त्या २०२२ च्या ऑगस्टात मात्र कोणत्याही कागदानं तिचं काम झालं असतं. ती लगेच थोरल्या आत्याकडं जाऊन आली, आणि कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं ते कितीतरी दिवस चंचीत पानाच्या घडीशेजारी ठेवलं होतं.

माझ्याकडं आणखी एक गोष्ट होती. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं तेव्हा, मी सुट्टीत फोनवर मायचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. तेव्हा माझ्या मनात होतं की हिनं निजाम बघितलाय, रझाकार बघितलेत, बहात्तरचा दुष्काळ बघितलाय, किल्लारीचा भूकंप बघितलाय. हे सगळं नोंदवून ठेवावं. रेकॉर्डिंग आता पुन्हा ऐकलं. मी विचारतेय, "माय, रझाकाराच्या वेळेला तू केवढी होतीस?"

"केवढी म्हंजे? आक्का पोटात न्हवती का."

"काय बघितलंस तेव्हा?"

"बघायचं काय. गाडीत बसून बार्शीकडं गेलाव. शेवरी गाभण हुती, ती मागं ऱ्हायली."

आणि पुढं बराच वेळ नुसती शेवरी. आमच्या भागात देवणी जनावरं, त्यातलं पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं ते शेवरा. ती गाय तिला माहेरनं दिलेली, दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं दूध किती, शिंगं कशी, आणि गाव सोडताना ती का नेता आली नाही. मी मधूनमधून "मग रझाकार..." असं तिला वळवायला बघतेय आणि ती पुन्हा गाईवर येतेय. ओवी म्हण म्हटलं तर म्हणाली, "जात्याबिगर कशी यील?" जातं तर केव्हाच पायरीला गेलं होतं. गावात गिरणी आली तेव्हापासून ते दळत नव्हतं, आणि तेव्हापासून ती गातही नव्हती.

तेव्हा मला ते रेकॉर्डिंग फसलं असं वाटलं होतं. वय काढायला मात्र त्यातलंच सगळं कामाला आलं.

थोरली आत्या पोटात असताना माय बाळंतपणाला माहेरी होती, आणि माहेर कळंब तालुक्यात, म्हणजे सरहद्दीच्या जवळ. कळंब निजामाच्या मुलखात, बार्शी पलीकडं सोलापूर जिल्ह्यात, हिंदुस्थानात. रझाकारांचा त्रास वाढला तशी सरहद्दीवरची कुटुंबंच्या कुटुंबं तिकडं गेली, तशी हीही गेली. बार्शीजवळच्या एका मळ्यात, पोळ्याच्या दिवशी, आत्या झाली. आत्याला हे तिच्या लहानपणापासून माहीत होतं: "मी पोळ्याची." साल मात्र तिला कुणी विचारलंच नव्हतं. पोळ्यानंतर पंधरवडा झाला आणि निजाम शरण आल्याची बातमी आली, असं माय म्हणायची. १९४८ साली श्रावण अमावास्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते आणि निजाम शरण आला तो १७ सप्टेंबर. दोन आठवडे. बरोबर जुळलं. मी आत्याला सांगितलं, "तुझा वाढदिवस सापडला, तू पंचाहत्तर पुरी केलीस." आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पोळ्यापासनंच मला एस.टी. फुकट बसायची हुती की."

शेवरी, जाता जाता सांगते, परत आल्यावर सापडली. शेजारच्या एका मुसलमान कुळवाड्यानं तिचं वेत सांभाळलं होतं, आणि कालवडही. माय हे सांगताना त्या माणसाच्या बायकोचं नाव घ्यायची, नवऱ्याचं तिच्या लक्षात नव्हतं.

आत्याचं साल पक्कं झालं, पण मायचं? त्यासाठी मी आणि तात्या कळंबकडं गेलो. मायचा पाठचा भाऊ वारून बरीच वर्षं झाली. त्यांच्या नातवाकडं एक कागद असल्याचं कळलं होतं. २०२३ च्या दिवाळीच्या आगंमागं कुणबी नोंदी शोधायची धावपळ मराठवाडाभर चालली होती. जुन्या शाळांची रजिस्टरं, खासरा (शेतजमिनीची जुनी पत्रकं), गावोगावचे दप्तरखाने सगळं बाहेर निघत होतं. त्या झपाट्यात या पोरानं आजोबांच्या जुन्या तहतानिया (प्राथमिक) शाळेच्या रजिस्टराचा उतारा काढून ठेवला होता. उतारा उर्दूत, साल फसली, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या कालगणनेचं. तो फोटो काढून मी औशातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना दाखवला. चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं: जन्म १३४४ फसली. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे १९३४-३५.

आता भावात आणि मायमध्ये किती अंतर? ते कागदावर कुठं असणार. पण मामीआजी, म्हणजे त्या भावाची बायको, अजून आहेत. दिसत कमी असलं तरी आठवण धारदार. त्या म्हणाल्या, सासूबाई सांगायच्या, हा रांगत होता तेव्हा तुमची माय वासरं घेऊन ओढ्याला जायची. वासरांमागं पोर एकटं पाठवायचं तर पाचाचं तरी पाहिजे. म्हणजे १९२९-३०. तात्या बोटं मोजून खूश झाले: चौऱ्याण्णव! शंभर नाही तरी जवळपास.

मग मामीआजी सहज म्हणाल्या, "थोरलीच्या आधी एक पोरगा झाला हुता की हितं. सव्वा म्हैन्याचा हुन गेला."

तात्यांना हे माहीत नव्हतं. अण्णांनाही नव्हतं, रात्री विचारलं तर ते गप्पच झाले. थोरल्या आत्याला माहीत होतं. मायनं तिला ते तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात सांगितलं होतं, एकदाच.

या सगळ्या हिशोबात मला एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. आम्ही साल विचारताना निजाम, महाराष्ट्र, इंदिरा गांधी असं विचारत होतो. आत्या आणि अण्णा उत्तर देताना म्हणायचे, "ते विहिरीच्या आधीचं" किंवा "विहिरीच्या नंतरचं." ही मायची मोजणी होती आणि चौघा लेकरांनी ती जशीच्या तशी उचलली होती. तिच्या आयुष्याचे दोन भाग सतरा सप्टेंबरनं पडले नव्हते. हैदराबाद संस्थान गेलं, १९५६ ला मुंबई राज्य आलं, १९६० ला महाराष्ट्र आला, १९८२ ला उस्मानाबादचा लातूर जिल्हा झाला; पत्ता बदलत गेला, ती तिथंच भाकरी थापत होती. विहिरीनं मात्र तिचं सगळं बदललं.

विहीर कधीची, यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. माय रेकॉर्डिंगमध्ये सांगते: "तुझा बाप पाळण्यात हुता. लिंबाला झोका बांधून मी मुरूम उचलायची. वडारांना पैसे हालीत दिले, आन त्यातला एक म्हनला मला कलदार पायजे." हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे हिंदुस्थान सरकारचा, सात हालीला सहा कलदार असा हिशोब. हाली चलनातून गेला १९५९ ला, म्हणजे विहीर त्याच्या आधीची. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मी १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची नक्कल काढली होती. त्यात तेच रान जिरायत आहे, विहिरीची नोंद नाही. म्हणजे १९५५ ते ५९ च्या मध्ये. अण्णा शाळेच्या दाखल्यावर १९५७ चे. पाळण्यातले. दाखल्यावरची तारीख अर्थातच एक जून, पण साल या एकाच जागी खरं निघालं.

खासरा मोठा गमतीचा कागद आहे. पणजोबांचं नाव, क्षेत्र, आकार, पीक, झाडं, सगळं. बांधावरचे आंबे आणि बाभळी मोजून लिहिलेल्या. माणसं मात्र एकच, खातेदार.

विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष खोल, गेली तेव्हा पाणी लागलं. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाणाला सुरुंग लावायचे तेव्हा पाळणा उचलून पळायचं, असं माय सांगायची. मोट बसली, नाडा-सोंदूर आला, धावेवर बैल मागं-पुढं करू लागले. तोपर्यंत ती पिण्याचं पाणी ओढ्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरायची. उन्हाळ्यात झिऱ्यावर रात्री नंबर. मध्यरात्री उठून जायचं, घागर भरेस्तोवर तांबडं फुटायचं. विहीर झाली आणि तिला रात्रीची झोप मिळाली. त्यानंतर मिरची लावली, वांगी लावली, दोन वाफे गहू. सणाला पोळ्या घरच्या गव्हाच्या झाल्या. हे सगळं ती अशा बारकाईनं सांगते की पहिल्या वर्षी मिरचीचे वाफे किती होते तेही येतं. तिच्यासाठी स्वातंत्र्य यायला आणखी नऊ-दहा वर्षं लागली, असं मी म्हटलं तर आमचे इतिहासाचे सर रागावतील. पण मला तसं वाटतं खरं.

बहात्तरचा दुष्काळ तिच्या भाषेत "विहीर आटली ते साल." आजोबांना हजेरीपटावर नाव लावायची लाज वाटली. खातेदार माणूस, खडी फोडायला कसा जाणार? माय गेली. गावाच्या वर पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं पहिले काही दिवस तिनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला, म्हणजे कुणी ओळखू नये. मग बघितलं तर शेजारच्या खडीच्या ढिगावर पाटलाची सून तसाच पदर ओढून बसलेली. दोघींनी पदर मागं टाकले. अण्णा तेव्हा पंधराचे, तेही तिच्याबरोबर दगड फोडायचे. सुकडी मिळायची ती घरी धाकट्या आत्याला. रेशनवर तांबडी मिलो यायची, तिच्या भाकरीला ना चव ना रंग. चारा संपला तेव्हा कोपीवरचा, गोठ्यावरचा काळा पडलेला जुना कडबा उतरवून जनावरांपुढं टाकला. बैलजोडीतला एक गेला. शेवरीची नात मात्र जगली. तो पाझर तलाव अजून आहे. मायला त्याच्या बांधावरून नेलं की ती म्हणायची, "हे धोंडे माझे." 

शेतातलं तिचं काम मी मोठी झाले तेव्हा पाहिलं ते बियाण्याचं. जवारीची कणसं उभ्या पिकातूनच निवडायची, चिंधी बांधून ठेवायची. बी राखेत घोळून गाडग्यात, तोंड शेणामातीनं लिंपून बळदाच्या कोपऱ्यात. पेरणीला तिफणीच्या मागं सरतं धरून तुरीचं बी ती स्वतः सोडायची. चाड्यावर आजोबा, नंतर अण्णा. हायब्रीड आलं तेव्हा तिनं अडवलं नाही, पण दोन तासं गावरान पिवळीची दरवर्षी बाजूला ठेवली. हायब्रीडची भाकरी थंड झाली की खापरी होते, असं तिचं मत. सोयाबीन आलं आणि ती दोन तासंही गेली. सोयाबीन तिला कधी पटलं नाही. "जे रान घरातल्यांना खायला देत न्हाई ते कशाचं रान?" भाव पाडणाऱ्या बाजारानं तिची बाजू अधूनमधून घेतली, पण अण्णांनी नाही.

किल्लारीचा भूकंप मला स्वतःला थोडा आठवतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी, गणपती बुडवून माणसं गाढ झोपलेली. आमचं गाव मधल्या पट्ट्यात नव्हतं म्हणून माणसं वाचली. पण घर तेच, दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. अण्णांनी आम्हाला पोरांना उचलून बाहेर टाकलं आणि मागं वळून बघितलं तर माय नाही. ती गोठ्यात दावी सोडत होती. गोठ्याची भिंत तिच्यामागं पडली. अण्णा तिच्यावर इतके ओरडले की त्यांना स्वतःलाच नंतर रडू आलं. पुढं कितीतरी महिने आम्ही पत्र्याच्या शेडात झोपलो. माळवदाखाली ती पुन्हा कधी झोपली नाही. विहिरीची एक बाजू ढासळली, ती मात्र तिनं दिवाळीच्या आत बांधून घेतली, घराच्या भिंतीच्या आधी.

तर वय ठरलं. चौऱ्याण्णव, एखादं वर्ष इकडंतिकडं. मृत्यूच्या दाखल्यावर ८४ च राहिलं. ते दुरुस्त करायला जन्माचा पुरावा लागतो आणि "भाऊ रांगत होता" हा पुरावा चालत नाही. कुणी त्याचा हट्टही धरला नाही.

पण या शोधात १९८६ चा फेरफार घरात आला होता, आणि तो दोन्ही आत्यांनी पहिल्यांदाच बघितला. आजोबांचे वारस: विधवा पत्नी, मुलगा, मुलगा. मुली नाहीतच. न लिहिता सुटलेल्या. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात विधवा, मुलगे आणि मुली बरोबरीनं वारस आहेत. तरी १९८६ ला तलाठ्यानं विचारलं नाही, आजोबांच्या भावकीनं सांगितलं नाही, आणि आत्यांना कळलंही नाही. असं आमच्याच घरी झालं असं नाही. जुने फेरफार काढून बसा, गावातल्या अर्ध्या घरांना मुलीच झाल्या नव्हत्या असं दिसेल.

मायच्या नावावर त्या वाटणीत आलेलं अडीच एकर होतं, विहिरीचंच रान. सातबाऱ्यावर तिचं नाव, पुढं "भ्र." (भ्रतार, म्हणजे नवरा) आणि आजोबांचं. आता वारस चार: दोन मुली, दोन मुलगे. तलाठ्यांनी चौघांची नावं सहा-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीला, घेतली. आजकाल मुलींची नावं गाळता येत नाहीत. मग रिवाजाप्रमाणे पुढची पायरी: बहिणींनी दुय्यम निबंधकाकडं जाऊन हक्कसोड पत्र करून द्यायचं, भावांनी साडीचोळी करायची, सगळ्यांनी हॉटेलात जेवून घरी यायचं. माझी आईही अशी सही करून आलेली आहे. मलाही कधीतरी विचारतील. त्या साडीची घडी आईनं मोडली नाही, कपाटात तशीच आहे.

धाकटी आत्या तयार झाली. तिचं बरं चाललंय, आणि तिला भावांचं मन मोडवत नाही. थोरली आत्या ढाळजेत भिंतीला टेकून पान लावत होती. म्हणाली, "मी न्हाई सोडणार."

अण्णांना वाटलं ती चेष्टा करतेय. "आक्का, तुला काय करायचंय? तुझी पोरं पुण्याला. कोन कसनार?"

"तूच कस. पीक तूच घे. मला दाणा नगं."

"मग?"

"नाव असू दे. मायचं निघालंय, माझं लागू दे. त्या हिरीचा मुरूम मी बी उचललाय. धा वर्सांची हुते. तुला झोका कोन देत हुतं?"

हे खरं होतं. अण्णा पाळण्यात होते आणि झोका देणारं माणूस तिथंच बसलं होतं. अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तात्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "हे तू शिकवलंस का?" मी नाही म्हटलं. मी शिकवलं नव्हतं. मी तिला फक्त फेरफार वाचून दाखवला होता. आईनं त्या दिवशी काही न बोलता थोरल्या आत्याला आवडते म्हणून करडईची भाजी केली.

नोटीस लागली, मुदत गेली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी चैत्रात फेरफार मंजूर केला. सातबाऱ्यावर आता तीन नावं आहेत. अण्णांचा राग गेला असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये पीककर्जाच्या नूतनीकरणाला बँकेत गेले तर सामाईक खातं म्हणून तिघांच्या सह्या मागितल्या, आणि ते घरी येऊन चडफडले: आता दरवर्षी हिला बोलवत बसा.

फोन मी लावून दिला. पलीकडून आत्या म्हणाली, "बोलवा की. सहीला म्हनून तरी बोलवाल." दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आली, अर्ध्या तिकिटात, आधार कार्ड दाखवून. बँकेत अंगठा न देता सही केली. तिची सही येते हे अण्णांनाही नवीनच होतं. दुपारी जेवली, विहिरीवर जाऊन आली, कठड्यावर गवत माजलंय म्हणून तात्यांना बोलली, आणि जाताना पाच किलो तूरडाळ मागून घेतली. अण्णांनी पायलीनं मोजून दिली आणि वर एक ओंजळ टाकली.